गड उतरायचा कसा: पुण्यातल्या नवख्या भटक्यांसाठी

रविवारी सकाळी सिंहगडाच्या आतकरवाडीच्या वाटेवर थोडा वेळ थांबून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय बघा. चढणारे धापा टाकत असतात, पण प्रत्येक पाऊल बघून टाकतात. उतरणारे गप्पा मारत, फोनवर बोलत, मध्येच उड्या घेत येतात आणि घसरतात तेही हेच. चढताना दम छातीला लागतो, तो लगेच कळतो. उतरताना भार मांड्यांवर आणि गुडघ्यांवर येतो आणि तो कळेपर्यंत पाय थरथरायला लागलेले असतात.

पुण्यात नवीन आलेली, ऑफिसातल्या कुणाच्या तरी ग्रुपबरोबर पहिल्यांदा गडावर जाणारी बरीच मंडळी मला भेटतात. त्यांचे प्रश्न सगळे चढण्याबद्दल असतात: किती वेळ लागतो, दम लागेल का, वर खायला मिळतं का. उतरण्याबद्दल कुणी विचारत नाही. म्हणून हा लेख फक्त उतरण्याबद्दल आहे.

१. उतरायची वाट घरूनच ठरवा

एका गडाला अनेक वाटा असतात आणि त्या वेगवेगळ्या गावांत उतरतात. नवख्यांची पहिली फसगत इथेच होते. राजगडाचंच घ्या. गुंजवण्यातून चोर दरवाजाने पद्मावती माचीवर चढलात आणि परत येताना ‘पाली दरवाजाला पायऱ्या आहेत, सोपं पडेल’ म्हणून तिकडे वळलात, तर वाट खरंच सोपी आहे. पण खाली पोचाल तेव्हा तुम्ही गडाच्या दुसऱ्या अंगाला असाल आणि गाडी गुंजवण्यात उभी असेल. संध्याकाळी त्या भागात वाहन मिळणं कठीण. सिंहगडावरही तेच: पुणे दरवाजाकडून आतकरवाडी, कल्याण दरवाजाकडून कल्याण गाव. दोन्ही वाटा गडाखालीच जातात, पण तुमची बस त्यातल्या एकाच बाजूला असते.

दोन वाटांनी चढ-उतार करायचा असेल तर अवघड वाटेने चढा आणि सोप्या वाटेने उतरा. कातळटप्पा चढताना पुढची खोबण डोळ्यांसमोर असते, उतरताना ती पायाखाली असते आणि दिसत नाही. राजगडाला नवख्यांनी चोर दरवाजाने चढून पाली दरवाजाने उतरावं, आणि गाडीची सोय त्याप्रमाणे आधीच लावावी. शक्य नसेल तर पालीनेच चढा आणि पालीनेच उतरा. त्यात काहीही कमीपणा नाही.

याच्याशीच जोडलेला एक नियम आहे, तो मी सगळ्यांना पहिल्यांदा सांगते: जे उतरता येणार नाही ते चढू नका. वर जाताना एखादा टप्पा कुणीतरी हात देऊन चढवतं, आपण पोचतो, फोटो काढतो. परत येताना हात देणारा पुढे निघून गेलेला असतो. टप्प्यापाशी थांबून स्वतःला विचारा, ‘हे मी एकटी उतरू शकेन का?’ उत्तर ‘नाही’ असेल तर तिथूनच मागे फिरा.

ताम्हिणीजवळचं अंधारबन हे आणखी एका फसगतीचं ठिकाण आहे. पिंपरी गावातून निघून भिऱ्याला उतरणारी ही साधारण १३ किलोमीटरची वाट. ‘चढच नाही, सगळं उतरायचंच आहे, मग सोपं आहे’ असं सांगून लोकांना नेलं जातं. इतका वेळ सलग उतरणं नवख्या गुडघ्यांना सोपं नसतं. शिवाय वाटेतले ओढे पावसात फुगतात आणि शेवट रायगड जिल्ह्यात होतो, म्हणजे पुण्याला परतायची वेगळी व्यवस्था लागते. पहिला ट्रेक म्हणून ही वाट घेऊ नका.

२. जाण्याआधीचा आठवडा

पर्वतीच्या १०३ पायऱ्या याच कामासाठी वापरा. सगळे चढण्याचा सराव करतात, तुम्ही उतरण्याचा करा: सावकाश, कठड्याला न धरता, गुडघे किंचित वाकवून. तीन-चार फेऱ्या झाल्या की तुमच्या मांड्या कितपत तयार आहेत हे कळतं. पायऱ्यांपेक्षा मातीची सवय हवी असेल तर वेताळ टेकडी किंवा तळजाई उत्तम. तिथे मुरमाची उतरती पायवाट मिळते आणि पडलात तरी फार खाली जात नाही.

पायाची नखं आदल्या दिवशी कापा. हा फालतू सल्ला नाही. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो, नखं टोकाला आपटत राहतात आणि दोन दिवसांनी अंगठ्याचं नख काळं पडतं.

३. सोबत काय हवं

बूट: रबरी, खोल नक्षीचा तळ असलेले. ‘अॅक्शन ट्रेकिंग’चे साधे बूट सह्याद्रीत वर्षानुवर्षं चालत आलेत आणि ते महागही नाहीत. धावण्याचे मऊ तळाचे बूट मुरमावर पकड सोडतात. नवे बूट थेट गडावर घालू नका, आठवडाभर घालून फिरा. घेताना संध्याकाळी घ्या, जाड मोजे घालून बघा आणि दुकानातल्या पायरीवर उतरून बोटं पुढे लागतात का ते तपासा.

काठी: साधी बांबूची चालेल, फक्त वजन टाकल्यावर वाकता कामा नये. उतरताना ती चढतानापेक्षा थोडी लांब धरायची, कारण तुम्ही ती खालच्या पायरीवर टेकवणार आहात.

विजेरी: डोक्याला बांधायची असेल तर उत्तम. फोनचा उजेड हा उजेड नव्हे. एक हात त्यात अडकतो आणि बॅटरी संपली की फोनही जातो.

पाणी: एकूण तीन लिटर आणि त्यातलं एक लिटर उतरण्यासाठी राखलेलं. बहुतेकांचं पाणी वरच संपतं.

बाकी पाठपिशवीत क्रेप बँडेज, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, शिट्टी, स्वतःची औषधं, ओळखपत्र आणि एका कागदावर रक्तगट व घरच्यांचा नंबर. पिशवी पाठीला घट्ट बसणारी हवी. एका खांद्यावर लटकणारी पिशवी नेमकी कातळावर असताना पुढे झुलते आणि तोल घालवते. हात मोकळे ठेवा, त्यामुळे पाण्याची बाटलीही हातात नको.

घरी कुणाला तरी लिहून ठेवा: कोणता गड, कोणत्या गावातून, कोणाबरोबर आणि किती वाजेपर्यंत फोन येईल. हा निरोप फुकट आहे आणि गरज पडली तर शोधणाऱ्यांच्या हाती असलेली एकमेव माहिती तोच ठरतो.

४. वरून निघायची वेळ

उतरायला चढण्याच्या निम्मा वेळ लागतो, असं सगळे सांगतात. सवय असलेल्यांसाठी ते खरं आहे. नवख्या गटाने मात्र चढायला जेवढा वेळ लागला तेवढाच उतरायला धरावा. दहा माणसांत एक तरी गुडघेदुखीवाला निघतो, एकाला कातळाची भीती वाटते आणि गट सगळ्यांत सावकाश माणसाच्या वेगाने उतरतो.

डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. वाट गडाच्या पूर्वेच्या अंगाला असेल तर ऊन त्याआधीच डोंगराआड जातं, आणि झाडीत अंधार आणखी लवकर पडतो. म्हणजे चढायला अडीच तास लागले असतील तर तीनच्या आत वरून निघायलाच हवं. रायगडच्या हिरकणीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. दिवस मावळला, दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या बाळासाठी ती कडा उतरून गेली. त्या कथेत तिचं धाडस जेवढं मोठं आहे, तेवढीच अंधारात उतरण्याची भीतीही खरी आहे. ती भीती स्वतःवर ओढवून घेऊ नका.

पिठलं-भाकरी, मटक्यातलं दही, ताक हे सगळं जरूर घ्या, पण पोट तुडुंब भरून लगेच उतरायला लागू नका. जेवणानंतर अर्धा तास बसा, मग बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधा. टाच मागे ठोकून बसवा आणि घोट्याजवळ नाडी घट्ट आवळा, म्हणजे पाय पुढे सरकणार नाही. चढताना सैल ठेवलेली नाडी तशीच ठेवून उतरणं ही सगळ्यांत सर्रास होणारी चूक आहे.

५. उतार ओळखा, मग पाय टाका

सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. टणक थरांचे कडे राहिले, मऊ थर झिजून उतार आणि पदर, म्हणजे मधल्या सपाट पट्ट्या, झाल्या. त्यामुळे इथली वाट कधीच एकसारखी उतरत नाही: कातळ, मग मुरूम, मग पदरातलं सपाट रान, पुन्हा कातळ. प्रत्येकावर पाय टाकायची रीत वेगळी आहे आणि एकाची रीत दुसऱ्यावर वापरली की घसरगुंडी ठरलेली.

सगळीकडे लागू पडणारं आधी सांगते. गुडघे कधीही ताठ नकोत. पावलं लहान. शरीराचं वजन पायांच्या बरोबर वर. भीतीने आपण मागे रेलतो, आणि मागे रेललं की पाय पुढे निसटतो. नाक पायाच्या अंगठ्याच्या रेषेत आहे का, एवढं बघत राहिलं तरी पुरतं.

मुरूम आणि घसारा: सुटे खडे, खाली कडक जमीन. नोव्हेंबर ते मे सगळ्यांत जास्त माणसं इथेच पडतात. टाच आधी रोवा, मग वजन द्या. सरळ खाली न जाता नागमोडी उतरा. पाय घसरायला लागलाच तर त्याच्याशी झगडू नका, गुडघे वाकवून खाली बसा. बसलेला माणूस पडत नाही. मोठ्या दगडावर पाय देण्याआधी तो हलतो का ते काठीने बघा.

कातळ: इथे टाच रोवायची नसते. पूर्ण तळवा कातळाला लागला पाहिजे, कारण पकड रबराची असते आणि जितकं रबर टेकेल तितकी ती वाढते. उतार फार उभा झाला की तोंड डोंगराकडे करा आणि शिडी उतरावी तसं उतरा. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले, एकच हलणारा. इथे घाई करणाऱ्याला मागच्याने थांबवावं, आणि खाली उभ्या माणसाने पाय कुठे टेकवायचा ते बोलून सांगावं. ‘डावा पाय जरा खाली, अजून, हां, तिथे’ एवढ्या शब्दांनी माणूस शांत होतो. त्याचा पाय धरून ओढू मात्र नका. तोल त्यानेच जातो.

रेलिंग आणि साखळ्या: तोरण्याला वेल्ह्याच्या वाटेवर बिनी दरवाजाच्या खाली, राजगडाला चोर दरवाजाच्या खाली असे आधार आहेत. धरण्याआधी हलवून बघा. पावसाने खांबांची मुळं सैल होतात. दोन खांबांच्या मध्ये एका वेळी एकच माणूस. आणि आधाराला धरा, त्याला लटकू नका.

दगडी पायऱ्या: लोहगडाच्या पायऱ्या रुंद आहेत, तिकोन्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या उंच आणि उभ्या. उंच पायरीवर सरळ उतरलात तर गुडघ्याला दणका बसतो. अंग आडवं करून, भिंतीच्या बाजूचा हात टेकवून, एक-एक पायरी घ्या. चढणाऱ्यांना भिंतीकडची बाजू देऊन स्वतः दरीच्या कडेला उभं राहण्याचा सभ्यपणा इथे नको. उतरणाऱ्याने भिंतीला चिकटून थांबावं आणि त्यांना जाऊ द्यावं.

वाळलेलं गवत: दिसायला मऊ, पण बुटाखाली ते आडवं होऊन गुळगुळीत होतं. आडवं होऊन, बुटाची कड रोवत उतरा. गवताचे झुबके धरू नका. तीच गोष्ट कारवीच्या झुडपांची. कारवी ७ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळून जाते. अशा वर्षांनंतर उतारावर तिच्या काटक्यांचं रान उभं दिसतं, ते वजन घेत नाही. हिरवी, बोटाएवढी जाड कारवी बुडाशी धरली तर आधार देते.

नाळ: दोन कड्यांमधली दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट याच प्रकारातली आणि ती नवख्यांसाठी नाहीच. छोट्या नाळेत उतरावं लागलं तर सगळ्यांनी अगदी जवळजवळ उतरा किंवा एक जण आडोशाला पोचल्यावर दुसऱ्याने निघा. मध्यम अंतर सगळ्यांत वाईट, कारण सुटलेल्या दगडाला वेग घ्यायला तेवढी जागा पुरते. दगड सुटला की जिवाच्या आकांताने ‘दगड!’ ओरडायचं, तो लहान असला तरी. ऐकणाऱ्याने वर बघायचं नाही. पिशवी डोक्यावर घेऊन कड्याला चिकटायचं.

दोर लावून उतरणं हा वेगळा विषय आहे आणि तो लेख वाचून शिकायचा नाही. पुण्यात गिरिप्रेमीसारख्या जुन्या संस्था आहेत, प्रशिक्षणवर्ग होतात, तिथे शिका. ‘आमच्याकडे दोर आहे’ म्हणणाऱ्या अनोळखी आयोजकाच्या भरवशावर कड्यावरून पाय सोडू नका. हेल्मेट सगळ्यांना आहे का, प्रत्येकाला दुसरा सुरक्षादोर आहे का आणि नांगर, म्हणजे दोर बांधायचे आधार, एकापेक्षा जास्त आहेत का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर द्यायला जो चिडतो त्याच्याबरोबर जाऊ नका.

६. रांग कशी लावायची

सगळ्यांत पुढे वाट माहीत असलेला, सगळ्यांत मागे अनुभवी आणि धीराचा माणूस. सावकाश उतरणारे पुढच्याच्या लगेच मागे, म्हणजे वेग तेच ठरवतात. त्यांना शेवटी ठेवलं की गट पुढे जाऊन थांबतो, हे धापा टाकत पोचतात आणि तेवढ्यात गट पुन्हा निघतो. ज्याला विश्रांतीची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच ती कधी मिळत नाही. वाटेला फाटा फुटला की मागचा दिसेपर्यंत कुणीही पुढे जायचं नाही.

७. पावसाळ्यात

जून ते सप्टेंबर कातळावर शेवाळ धरतं. हिरवं शेवाळ दिसतं तरी, काळपट चिकट थर दिसतही नाही. विसापूरच्या पायऱ्यांवरून पाणी धबधब्यासारखं वाहतं आणि तिथे गर्दी त्याचसाठी होते. त्या पाण्यातून उतरताना पायरीची कड दिसत नाही, म्हणून काठीने आधी चाचपा. ओढ्याचं पाणी गढूळ झालं, त्यात पालापाचोळा यायला लागला, आवाज वाढला, तर वर पाऊस झाला आहे. ओलांडू नका. पलीकडच्या काठावर गाडी दिसत असली तरी थांबा. सह्याद्रीतले ओढे जितके झटकन चढतात तितकेच पाऊस थांबला की उतरतात.

निघण्याआधी त्या ठिकाणी बंदी आहे का ते बघा. पावसाळ्यात वन खातं आणि जिल्हा प्रशासन काही वाटा बंद करतं, सिंहगडाचा घाटरस्ताही दरड कोसळली की बंद होतो.

८. गाडीने घाट उतरणार असाल तर

हे थोडक्यात. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलवर गाडी सोडू नका. सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो आणि नेमक्या वळणावर धरत नाही. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. दिवसभर चालून थकलेल्या पायाने स्कूटर चालवायची असेल तर पायथ्याशी चहा घेऊन वीस मिनिटं बसा.

९. वाट चुकली, पाय मुरगळला, अंधार पडला

उतरताना वाट चुकणं चढण्यापेक्षा सोपं आहे. चढताना सगळ्या वाटा माथ्यावर एकत्र येतात, उतरताना त्या फाकत जातात. गुरांच्या वाटा माणसांच्या वाटेसारख्याच दिसतात आणि रानात विरून जातात. चढतानाच दर थोड्या वेळाने मागे वळून बघा, खुणा लक्षात ठेवा, फाट्यांचे फोटो घ्या. पाच-दहा मिनिटं बाण, पायऱ्या, बुटांचे ठसे काहीच दिसलं नाही तर थांबा आणि शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत वर चढून जा. थकलेल्या माणसाला हे नकोसं होतं आणि तो ‘खाली गाव दिसतंय’ म्हणत ओढ्यातून सरळ उतरायला लागतो. इथले ओढे कड्यावरून उड्या घेतात. गाव दिसत राहतं आणि माणूस कड्यावर अडकतो.

पाय मुरगळला आणि चालणं भाग असेल तर बूट काढू नका. सूज आली की तो परत चढत नाही. नाड्या आवळा, बुटावरूनच बँडेज बांधा, ओझं दुसऱ्याकडे द्या. पाय टेकवताच येत नसेल तर हलू नका, मदत बोलवा: ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर ही गिर्यारोहकांचीच बचावयंत्रणा आहे, तिचा हेल्पलाइन नंबर घरूनच फोनमध्ये घालून न्या. लोणावळा भागात शिवदुर्ग मित्रची मंडळी वर्षानुवर्षं हे काम करत आली आहेत. फोन लागला की गडाचं नाव, कोणत्या वाटेवर, किती माणसं आणि काय लागलं आहे हे सांगा, मग रेंज असलेल्या जागेवरून हलू नका.

अंधार पडला आणि विजेरी नसेल तर कातळ उतरायचा नाही. रात्र थंडीत काढणं त्रासाचं आहे, पण ते जमतं. सकाळी उजाडलं की वाट दिसते.

१०. खाली आल्यावर

पायथ्याला पोचल्या पोचल्या बसू नका, पाच मिनिटं सपाटीवर चाला. मांड्या आणि पोटऱ्या ताणून घ्या. उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच भार पेलतात, म्हणून दुखणं त्या रात्री फारसं जाणवत नाही. ते दुसऱ्या दिवशी चढतं आणि बहुधा तिसऱ्या दिवसापासून ओसरतं. सोमवारी जिना उतरताना कळ आली तर घाबरायचं कारण नाही. दुखणं स्नायूत नसून गुडघ्याच्या सांध्यात असेल, सूज असेल किंवा आठवडा उलटूनही कमी होत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा.

एकदा ही उतरण सोसलेल्या मांड्या पुढच्या वेळी कमी दुखतात, म्हणून दुसरा गड दोन-तीन आठवड्यांत घ्या. आतकरवाडीने सिंहगड झाला की लोहगड, मग तिकोना, मग पाली दरवाजाने राजगड. तोरणा त्यानंतर, पाऊस संपून वाट वाळल्यावर.